नवऱ्याला कामावर दुखापत झाली आहे. वर्कर्स कॉम्पचा (कामावरच्या दुखापतीच्या विम्याचा) वकील करावा का, आणि कसा निवडावा? (कॅलिफोर्निया)

रानजाई, रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबला तर समजून घ्या.

नवरा बे एरियात एका हार्डवेअर कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये इंजिनियर आहे, एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर. ग्रीन कार्डचं काम चालू आहे. पाच महिन्यांपूर्वी रॅकमधून सर्व्हर उतरवायचा होता. उचलायची लिफ्ट बंद पडलेली, म्हणून दोघांनी हातांनीच काढायला घेतला. समोरच्याची पकड सुटली आणि सगळं वजन ह्याच्यावर आलं. कमरेच्या मणक्यांतली, एल-फोर एल-फाइव्हमधली चकती सरकली आहे. डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येतात, दहा मिनिटं सलग बसवत नाही. सकाळी मोजे मी घालून देते. तेवढा वेळ तो माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो.

कंपनीने फॉर्म दिला, विमा कंपनीने क्लेम मान्य केला, फिजिओ चालू आहे, दर दोन आठवड्यांनी चेक येतो. इथपर्यंत सुरळीत होतं. मग ॲडजस्टरचा, म्हणजे विमा कंपनीत आमचा क्लेम बघणाऱ्याचा, फोन आला की एमआरआयमध्ये 'जुनी झीज' दिसते आहे, क्यूएमई डॉक्टरकडून, म्हणजे वाद असला की तपासणाऱ्या राज्यमान्य डॉक्टरकडून, तपासणी करून घ्यावी लागेल. शुक्रवारी पत्र आलं. तीन डॉक्टरांची नावं, दहा दिवसांत त्यातला एक निवडा. ते पत्र फ्रिजवर लावलंय आणि येता-जाता आम्ही दोघंही ते वाचतो. ठरत काहीच नाही.

मला वकिलाचा सल्ला घ्यावासा वाटतोय. नवरा म्हणतो, कंपनीवर केस केली तर ग्रीन कार्ड विसरा. आणि वकील अर्धे पैसे खातात असं त्याला मित्राने सांगितलंय. हायवेवरच्या मोठ्या बोर्डावर ज्यांचे फोटो असतात, त्यांच्यापलीकडे मला कोणी वकील माहीत नाहीत. कोणी यातून गेलं असेल तर सांगा ना.

सह्याद्रीवारा, रविवार, रात्री ११:०५

रानजाई, आधी तुमच्या नवऱ्याच्या मनातली भीती काढू. मीही २०१६मध्ये नेमका तिथेच अडकलो होतो.

वर्कर्स कॉम्प म्हणजे कंपनीवर खटला नव्हे. उलट खटला टाळण्यासाठीच हा कायदा झाला. शंभर वर्षांपूर्वी कामगाराला मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागायची, आणि बहुतेकांना ती करता यायची नाही. १९११मध्ये विस्कॉन्सिनने टिकलेला पहिला कायदा केला, कॅलिफोर्नियात १९१३मध्ये तो सक्तीचा झाला. व्यवहार सरळ आहे. चूक कोणाचीही असो, कामावर दुखापत झाली की उपचार आणि भरपाई मिळणार. त्या बदल्यात कामगार मालकावर वेगळा दावा लावणार नाही. कंपनी विम्याचे हप्ते भरते ते यासाठीच. म्हणून तुमचा वकील ज्याच्याशी बोलणार तो बहुतेक वेळा विमा कंपनीचा माणूस असतो, तुमच्या नवऱ्याचा मॅनेजर नाही.

क्लेम केला किंवा वकील केला म्हणून कामावरून काढणं, त्रास देणं याला कॅलिफोर्नियात बंदी आहे. लेबर कोडचं कलम १३२-ए. आणि २०२५पासून कंपनीने भिंतीवर लावायच्या नोटिशीतही लिहावं लागतं की दुखापत झालेल्या कर्मचाऱ्याला वकिलाचा सल्ला घेता येतो. ती नोटीस त्याच्या लॅबच्या पँट्रीत कुठेतरी असेलच. नवऱ्याला एकदा वाचायला सांगा.

निळावंती, सोमवार, सकाळी ७:२०

मी विमा कंपनीच्या बाजूने बारा वर्षं ॲडजस्टर होते, आता ते काम सोडलंय. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते, कारण तुमच्याकडे दिवस थोडे आहेत.

वकील कधी करायचा, हा कोणता करायचा याच्या आधीचा प्रश्न आहे. आणि तुमच्या बाबतीत उत्तर आहे, क्यूएमईच्या तपासणीआधी.

कारण सांगते. वकील नसताना यादीतल्या तिघांपैकी एक तुम्ही निवडायचा असतो. दहा दिवसांत निवडून अपॉइंटमेंट घेऊन ॲडजस्टरला कळवलं नाही, तर निवडायचा हक्क विमा कंपनीकडे जातो. वकील असला तर पद्धत बदलते. नवी यादी येते, दोन्ही बाजू एकेक नाव खोडतात, उरलेला डॉक्टर तपासतो. किंवा दोन्ही वकील मिळून यादीबाहेरचा एखादा डॉक्टर मान्य करू शकतात. तो मार्ग वकील नसलेल्याला नाहीच.

आणि एकदा वकिलाशिवाय तपासणी झाली की नंतर वकील केला म्हणून दुसरी तपासणी मिळत नाही. तोच अहवाल धरून पुढे जावं लागतं. चांगले वकील अशा फाइली घेताना हात आखडता घेतात, ते मी कितीदा पाहिलंय. लोक अहवाल हातात पडल्यावर, अपंगत्वाची टक्केवारी वाचून हादरल्यावर वकील शोधायला निघतात. तोवर मुख्य पुरावा तयार झालेला असतो.

एक विचारते. पॅनेल, म्हणजे ही तीन डॉक्टरांची यादी, मागवायचा फॉर्म कोणी भरला होता? त्यावर डॉक्टरची स्पेशॅलिटी कोणी लिहिली?

रानजाई, सोमवार, सकाळी ८:०२

बाई गं. फॉर्म त्याच्याकडे आला होता, तो भरायचा राहून गेला. मग विमा कंपनीनेच भरला असं दिसतंय. स्पेशॅलिटी ऑर्थोपेडिक आहे. तिघांपैकी दोघांच्या वेबसाइटवर नुसते खांदे आणि गुडघे दिसतात.

निळावंती, सोमवार, सकाळी ८:३१

म्हणजे ते पत्र घेऊनच वकिलांना भेटा. पहिली भेट जवळपास सगळीकडे फुकट असते.

ओंजळ, सोमवार, दुपारी १२:४०

मी थोडं वेगळं सांगते. सगळ्यांनाच वकील लागतो असं नाही. मुलांच्या डे-केअरमध्ये काम करताना माझं बोट दारात चिरडलं होतं. टाके पडले, आठ दिवस घरी होते, बोट पूर्ण बरं झालं, सगळी बिलं भरली गेली. तिथे वकिलाने काय केलं असतं? मला एका बिलाबद्दल शंका होती, ती राज्याच्या वर्कर्स कॉम्प खात्याच्या इन्फर्मेशन अँड असिस्टन्स ऑफिसरने फोनवर सोडवली. ही सेवा मोफत असते. हे अधिकारी ओकलंड, सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्को अशा जिल्हा कार्यालयांत बसतात.

रानजाई, तुमचं प्रकरण तसं नाही हे दिसतंच आहे. पण हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून लिहिलं. दुखणं पूर्ण बरं होणार असेल आणि कोणी काही नाकारत नसेल तर आधी त्या अधिकाऱ्याला फोन करा.

निळावंती, सोमवार, दुपारी १:१५

ओंजळशी सहमत. वकील लागतोच अशा जागा माझ्या मते या: क्लेम नाकारला गेला, डॉक्टरने सांगितलेली शस्त्रक्रिया किंवा उपचार अडवला गेला, दुखणं कायमचं राहणार आहे, 'हे जुनंच आहे' असा सूर लागला, किंवा कंपनी कामावर परत घ्यायला टाळाटाळ करते आहे. रानजाईंच्या इथे यातल्या दोन तरी दिसतात.

दगडफूल, सोमवार, रात्री ९:५०

मी चुकीचा वकील निवडला होता. ते सगळं सांगते, कारण तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

गोदामात काम करायचे, खांदा गेला. अपघातानंतर चारच दिवसांनी एक फोन आला. माझं नाव, कंपनी, कुठला खांदा, सगळं त्या माणसाला माहीत. 'आमचे वकीलसाहेब मोठे आहेत, उद्या कागद घेऊन घरी येतो.' मला वाटलं, देवच धावून आला. आला, सोफ्यावर बसून सह्या घेऊन गेला. वकिलाचं तोंड मी पुढे सात महिन्यांनी पाहिलं, तेही कोर्टाच्या व्हरांड्यात, तीन मिनिटं. मध्ये दर वेळी फोनवर नवीन मुलगी. डॉक्टरही त्यांनीच ठरवलेला, घरापासून दीड तासावर.

डॉक्टरकडे तपासणीला गेले तेव्हा काय बोलायचं, काय न्यायचं, कोणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरने विचारलं, 'कशी आहेस?' आणि आपल्या सवयीने मी म्हणाले, 'बरी आहे.' अहवालात ते तसंच उतरलं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, केसांची वेणी घालता येत नाही, यातलं काही कागदावर आलंच नाही.

नंतर कळलं की असे माणसं पाठवून गिऱ्हाईक गाठणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. तुम्ही न बोलावता कोणी फोन केला, घरी आला, तर दार लावून घ्या.

पुढे मी वकील बदलला. त्याचीही भीती होती, दुप्पट फी पडेल म्हणून. तसं नसतं. फी एकच असते, जुना आणि नवा वकील ती आपसात वाटून घेतात. पण नव्या वकिलाला जुना अहवाल घेऊनच लढावं लागलं. त्या नव्या वकीलबाईंनी जेवढं करता येईल तेवढं केलं.

सह्याद्रीवारा, सोमवार, रात्री १०:२०

दगडफूल, तुझ्या 'बरी आहे'वर थांबलोच. आपल्याकडे डॉक्टरला सुद्धा 'ठीक आहे' म्हणायची सवय हाडामासात असते. मला माझ्या वकिलाने तपासणीच्या दोन दिवस आधी ऑफिसात बसवून एकच गोष्ट घोकून घेतली होती. वाढवून सांगू नकोस, कमी करूनही सांगू नकोस. काय करता येतं, किती वेळ करता येतं, नंतर काय होतं, एवढंच सांग. मणक्याच्या तपासणीत डॉक्टरने समोरासमोर किमान वीस मिनिटं द्यावीत असा नियम आहे. वीस मिनिटांत तुमचं वर्षभराचं दुखणं मावायचं असेल तर ते आधी नीट लावून न्यावं लागतं.

मी वकील निवडला त्याला कारणही हेच झालं. तीन जणांना भेटलो, त्यातल्या एकीनेच पहिल्या भेटीत विचारलं, 'सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा तुमचा दिवस मला सांगा.' बाकीचे दोघं आकडे सांगत होते.

रानजाई, मंगळवार, सकाळी ६:४५

दगडफूल, वाचून रडू आलं. माझा नवरा तर 'बरा आहे' म्हणण्यात पहिला नंबर काढेल.

फीबद्दल कोणी सांगेल का? अर्धे पैसे जातात हे खरं आहे का? आणि मुळात मिळतं तरी किती? फी देऊन हातात काही उरणार का, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

निळावंती, मंगळवार, सकाळी ७:३०

अर्धे अजिबात नाही. कॅलिफोर्नियात फी ठरवून दिलेली नसली तरी न्यायाधीशाच्या मंजुरीशिवाय वकिलाला एक डॉलर घेता येत नाही. ती साधारण ९ ते १५ टक्के असते, हल्ली बहुतेक जण १५च मागतात. आधी काही भरायचं नाही. उपचाराच्या पैशातून फी जात नाही. सध्या तो दोन आठवड्यांचा चेक वाद न होता येतोय, त्यातूनही सहसा नाही. कायमच्या अपंगत्वाची जी रक्कम ठरते किंवा जी सेटलमेंट होते, तिच्यातून जाते.

म्हणून एक ध्यानात घ्या. फीवरून वकील निवडण्यात अर्थ नाही, सगळ्यांची सारखीच असते. 'मी १२ टक्क्यांत करतो' म्हणणारा भेटला तर तो काय करणार नाही ते विचारा.

आता आकडा. समजा डॉक्टरने कायमचं अपंगत्व २० टक्के धरलं. कॅलिफोर्नियात त्याचे साडेपंचाहत्तर आठवडे होतात, आठवड्याला जास्तीत जास्त २९० डॉलर. पगार कितीही मोठा असो, ही मर्यादा इंजिनियरलाही तीच. एकूण २१,८९५ डॉलर. आता डॉक्टरने लिहिलं की यातला ४० टक्के भाग जुन्या झिजेमुळे आहे. तर २०चे १२ टक्के होतात, आणि रक्कम ११,०९२ डॉलर ५० सेंट. जवळजवळ निम्मी.

त्या 'जुनी झीज' शब्दामागे हे पाणी मुरतंय. याला अपोर्शनमेंट म्हणतात. कायदा असा की डॉक्टरने नुसतं 'एमआरआयमध्ये झीज आहे, वयही झालंय' म्हणून चालत नाही. ती झीज आजच्या अपंगत्वाला कशी आणि का कारणीभूत आहे, हे समजावून लिहावं लागतं. अपघाताआधी कधी पाठ दुखली नाही, कधी डॉक्टरकडे गेला नाही, वीकेंडला ट्रेक करत होता, हे सगळं डॉक्टरपुढे आणणं, आणि अहवालात कारण दिलं नसेल तर त्याला पुन्हा लिहायला लावणं किंवा त्याची उलटतपासणी घेणं, हे वकिलाचं काम. २१,८९५मधून १५ टक्के गेले तर १८,६०० उरतात. वकिलाशिवाय अकरा हजार. अर्थात कोणताही वकील याची हमी देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याच्याकडे जाऊ नका.

या पैशावर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही, हेही सांगून ठेवते.

पण तीस-पस्तिशीच्या माणसाच्या मणक्याबाबत या रकमेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पुढचे उपचार. दोन वाटा असतात. एकीत ठरलेली रक्कम हप्त्याने मिळते आणि त्या दुखण्याचे उपचार पुढेही विमा कंपनीकडे उघडे राहतात. दुसरीत एकरकमी पैसे घेऊन सगळं बंद, उद्या शस्त्रक्रिया लागली तर तुमचं तुम्ही बघा. एकरकमीत वकिलालाही पैसे लवकर मिळतात, विमा कंपनीचीही फाइल बंद होते. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की तुमच्या अशा केसेसमध्ये उपचार उघडे ठेवून किती जण बाहेर पडले. उत्तर देताना तो माणूस किती विचार करतो ते बघा.

गोदाकाठ, मंगळवार, सकाळी ११:१०

टेक्सासकरांनी वरचं सगळं जसंच्या तसं धरू नये, म्हणून लिहितो. हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. आमच्याकडे खाजगी कंपनीला वर्कर्स कॉम्पमध्ये राहणं सक्तीचं नाही. तेव्हा पहिला प्रश्न, कंपनी त्यात आहे की नाही? नसेल तर सरळ कोर्टात निष्काळजीपणाचा दावा लावता येतो आणि वकीलही वेगळ्या जातीचा लागतो. असेल तर वकिलाची फी २५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि राज्याचं ऑफिस ऑफ इंज्युर्ड एम्प्लॉयी काउन्सेल मोफत मदतनीस देतं. न्यू जर्सीत माझी बहीण आहे, तिथे डॉक्टर कंपनी ठरवते. ओहायो, वॉशिंग्टनमध्ये विमा राज्य सरकारच चालवतं. म्हणून शेजारच्या राज्यातल्या नातेवाइकाचा वकील कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आपल्याच राज्यातला, शक्यतो ज्या कार्यालयात आपली तारीख पडणार तिथे रोज उभा राहणारा वकील हवा.

टिटवी, मंगळवार, रात्री ८:४५

ग्रीन कार्डबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी लिहिते.

माझ्या भावाच्या सेटलमेंटच्या वेळी कागदांच्या गठ्ठ्यात शेवटी एक वेगळं पान होतं. स्वखुशीने राजीनामा. एकरकमी सेटलमेंट करताना कंपन्या ते बऱ्याचदा मागतात. अमेरिकन नागरिकाला त्यात फारसं वावगं वाटत नाही, कारण तो आधीच दुसरीकडे लागलेला असतो. पण एच-वन-बीवाल्याने त्यावर सही केली की नोकरी संपते, आणि त्या दिवसापासून जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत सुरू होते. त्या वकिलाला इमिग्रेशनचं काही माहीत नव्हतं. चूक त्याचीही नव्हती, त्याचा तो विषयच नाही. भावाने सही करायच्या आधी एका इमिग्रेशन वकिलाला ते पान पाठवलं म्हणून वाचला. राजीनामा वगळून सेटलमेंट झाली. रक्कम थोडी कमी झाली, त्याने ती आनंदाने सोडली.

रानजाई, वकील निवडताना पहिल्याच दिवशी सांगा, नवरा एच-वन-बीवर आहे, राजीनाम्याची अट आली तर आम्हाला आधी कळवायचं. आणि वाक्य नुसतं तोंडी नको, ईमेलवर टाका. तुमच्या नवऱ्याची भीती अगदीच निराधार नाही. फक्त धोका वकील करण्यात नाही, न वाचता सही करण्यात आहे.

रानजाई, मंगळवार, रात्री ११:३०

टिटवी, तुमची पोस्ट मी त्याला वाचून दाखवली. पहिल्यांदा त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचली. मग म्हणाला, 'भेटायला काय हरकत आहे.'

उद्या-परवा भेटी ठरवते. कुठे शोधू आणि काय विचारू?

सह्याद्रीवारा, बुधवार, सकाळी ६:१५

कॅलिफोर्नियाच्या स्टेट बारच्या साइटवर वकिलाचं नाव घातलं की लायसन्स चालू आहे का, कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का, ते दिसतं. तिथेच वर्कर्स कॉम्पन्सेशनमधले प्रमाणित स्पेशालिस्टही शोधता येतात. प्रमाणपत्राला परीक्षा असते, अनुभव दाखवावा लागतो. प्रमाणपत्र नसलेलेही उत्तम वकील असतात, पण कोणी ओळखीचं नसताना सुरुवात करायला ती यादी बरी. कॅलिफोर्निया ॲप्लिकंट्स अटर्नीज असोसिएशन ही कामगारांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांची संघटना आहे, तिच्या सदस्यांतूनही शोधता येईल. आपल्याला 'ॲप्लिकंट अटर्नी' हवा हे लक्षात असू द्या. विमा कंपनीकडून लढणाऱ्याला डिफेन्स अटर्नी म्हणतात.

कार अपघात, घटस्फोट, इमिग्रेशन आणि वर्कर्स कॉम्प सगळं एकाच पाटीवर असेल तर मी पुढे जाईन.

निळावंती, बुधवार, सकाळी ७:०५

मी ॲडजस्टर असताना कोणत्या वकिलाची पत्रं आली की आम्ही नीट बसून वाचायचो? जो खरंच ट्रायलपर्यंत जातो हे माहीत असायचं, त्याची. आरडाओरडा करणाऱ्याची नव्हे. तेव्हा विचारा, गेल्या वर्षात तुम्ही स्वतः किती प्रकरणं ट्रायलला नेलीत. आणि माझी फाइल कोण सांभाळणार? कॅलिफोर्नियात सुनावणीला वकिलाऐवजी 'हिअरिंग रिप्रेझेंटेटिव्ह' उभा राहू शकतो, तो वकील नसतो. काही फार हुशार असतात, पण कोण येणार हे आधी कळायला हवं.

तपासणीआधी डॉक्टरला पत्र लिहिता का, त्याची प्रत आम्हाला दाखवता का, हेही विचारा. आणि एक खास तुमच्या केससाठी: ती बंद लिफ्ट. तिची देखभाल बाहेरच्या एखाद्या कंपनीकडे होती का? असेल तर मालकावर नाही, पण त्या तिसऱ्या कंपनीवर वेगळा दावा लागू शकतो. तिथे वेदनेचीही भरपाई मागता येते, जी वर्कर्स कॉम्पमध्ये नसते. त्याची मुदत कॅलिफोर्नियात दोन वर्षं. त्याचा वकील वेगळा, फी वेगळी, बहुधा एक तृतीयांश किंवा जास्त, आणि विमा कंपनी आपला खर्च त्यातून परत मागते. वर्कर्स कॉम्पच्या वकिलाने हा प्रश्न स्वतःहून काढला तर समजा तो जागा आहे.

रानजाई, शुक्रवार, रात्री ९:२०

तिघांना भेटलो.

पहिलं ऑफिस मोठं होतं. वकील नव्हतेच, एका सहायकाने टॅबलेटवर सह्या दाखवल्या. 'आज सही केलीत तर उद्यापासून काम सुरू.' कोण काम बघणार विचारलं तर 'आमची टीम'. नवराच उठला.

दुसरे गृहस्थ व्हिडिओवर भेटले. फार सभ्य, फार हुशार. पण त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच एकरकमी किती मिळू शकेल ते सांगितलं. एमआरआयचा अहवाल त्यांनी तोवर उघडलाही नव्हता.

तिसऱ्या बाई ओकलंडच्या. छोटं ऑफिस, दोन वकील. नवरा खुर्चीत चुळबुळ करत होता, ते पाहून त्या स्वतःच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'चला, उभ्यानेच बोलू.' पाऊण तास आम्ही तिघं त्यांच्या टेबलाशी उभे होतो. यादीतली तीन नावं पाहून त्यांनी एकावर बोट ठेवलं आणि सांगितलं की हे डॉक्टर मणक्याचं काम करतच नाहीत. लिफ्टचं त्यांनीच विचारलं, निळावंती! एच-वन-बीचं मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, 'इमिग्रेशन मला कळत नाही, राजीनाम्याचा कागद आला तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाने पाहिल्याशिवाय मी तुमच्यापुढे ठेवणार नाही.' किती मिळेल विचारलं तर म्हणाल्या, अहवाल येईपर्यंत कोणी आकडा सांगितला तर तो हवेतला. फोनला उत्तर किती दिवसांत, तर दोन कामाचे दिवस, आणि नाही दिलं तर सहायिकेचा थेट नंबर हा.

बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये त्यानेच विचारलं, 'हिलाच करायचं ना?'

दगडफूल, शुक्रवार, रात्री ९:४८

खूप बरं वाटलं. फी ॲग्रीमेंट आणि वकील करताना मिळणारा माहितीचा डिस्क्लोजर फॉर्म, दोन्हींची सही केलेली प्रत घरी आणलीत ना? माझ्याकडे नव्हती, नंतर फार जड गेलं.

रानजाई, शनिवार, सकाळी ८:१०

आणल्या. फॉर्मवर 'वकिलाशिवायही लाभ मिळू शकतात' असं स्पष्ट छापलेलं आहे, तेही बाईंनी बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांचं पत्र कालच ॲडजस्टरला गेलं, नवी यादी मागवली आहे.

एक वही दिली आहे त्यांनी. रोज दोन-तीन ओळी लिहायच्या, काय करता आलं आणि काय नाही. काल रात्री त्याने पहिल्या पानावर लिहिलं, 'मोजे स्वतः घालता येत नाहीत.' मला न विचारता लिहिलं. फ्रिजवरचं पत्र काढून त्याच वहीत ठेवलंय.